साखरेची गोळी आणि रक्तातले लॅक्टेट

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेच्या सभागृहात साखर-तपासणीचे शिबिर झाले, ते अनेकांना आठवत असेल. त्या वेळी आम्ही आरोग्य समितीच्या मंडळींनी एक पिवळी चिठ्ठी वाटली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत छापले होते, "साखरेची गोळी एकही दिवस चुकवू नये." चिठ्ठी सर्वांना आवडली. सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा या भागांतल्या कितीतरी घरांत ती फ्रीजवर चिकटवलेली आम्ही पाहिली आणि मनातून खूषही झालो.

आज तीच चिठ्ठी दुरुस्त करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. दुरुस्ती दोन ओळींत छापून मोकळे होता आले असते. पण कारण समजले नाही तर नवी सूचनाही जुन्यासारखीच डोळे मिटून पाळली जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झाले ते असे. आपल्यातल्याच एका कुटुंबातल्या काकू, वय सत्तरीच्या आसपास, मे महिन्यात एका लग्नाला गेल्या. ऊन कडक, जेवण बाहेरचे. परत आल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले. दोन दिवस पाणीसुद्धा पोटात ठरेना. गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळी चालू होतीच, रक्तदाबाचीही होती. आणि आमची चिठ्ठी समोर असल्यामुळे साखरेची मेटफॉर्मिनची गोळी काकूंनी दोन्ही वेळा नेमाने घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले. पहिल्या दवाखान्यात "पित्त झालेय, ग्लुकोज चढवू" असे म्हणून चार तास गेले. दुसरीकडे नेल्यावर रक्त तपासले, तेव्हा मूत्रपिंडांचे काम जवळजवळ थांबलेले आणि लॅक्टेटचे प्रमाण नेहमीच्या कित्येक पट वाढलेले आढळले. डायालिसिस झाले, आठ दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. काकू बऱ्या होऊन घरी आल्या, हे आपले नशीब. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हीच तर सांगितलं होतं ना, चुकवायची नाही म्हणून!" यावर काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट कानावर आली. आपला एक माजी विद्यार्थी, तिशीच्या आतला, धडधाकट. ऑगस्टमधल्या हैदराबाद मॅरेथॉनची तयारी करत होता. वजन उतरावे म्हणून वडिलांच्या डब्यातली मेटफॉर्मिन रोज एक घेऊ लागला. कुणी सांगितले? तर "सगळेच घेतात, आयुष्यपण वाढतं म्हणतात." काकूंची हकीकत ऐकून तो घाबरला आणि विचारायला आला, "माझंपण लॅक्टेट वाढेल का? मला तर शुगर नाही."

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी लॅक्टेट म्हणजे काय ते पाहावे लागेल.

नाव तसे आपल्या ओळखीचे आहे. विरजण लावले की दुधातली साखर जिवाणू खातात आणि दुधाला जो आंबटपणा येतो, तो लॅक्टिक आम्लाचा. १७८० साली स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते आंबट दुधातून वेगळे काढले, म्हणून दुधावरूनच त्याचे नाव पडले. पुढे बर्झेलियस या दुसऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाला शिकारीत दमलेल्या हरणाच्या स्नायूंत तेच सापडले. (येथे एक खुलासा करून टाकतो, कारण शिबिरात हमखास कुणीतरी विचारते: दही-ताक घेतल्याने रक्तातले लॅक्टेट धोक्याच्या पातळीला जात नाही. ताक खुशाल प्या.)

आपल्या शरीरात ते कसे तयार होते? पेशी ग्लुकोज फोडतात तेव्हा पहिल्या टप्प्यात त्यापासून पायरुव्हेट नावाचा पदार्थ बनतो. या टप्प्याला प्राणवायू लागत नाही, पण शक्तीही फारशी मिळत नाही. पायरुव्हेट पुढे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात गेले तर तिथे प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण जळते आणि पहिल्या टप्प्याच्या साधारण पंधरा पट शक्ती देते. वीजघरात जागा नसेल, किंवा वीजघरच नसेल, तर पायरुव्हेटचे लॅक्टेट होते. तांबड्या रक्तपेशींना वीजघर नसतेच, त्यामुळे त्या रात्रंदिवस लॅक्टेट सोडत असतात. धावणारा स्नायू तर भरपूर सोडतो. असे सगळे मिळून सत्तर किलोच्या निरोगी माणसाच्या शरीरात दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लॅक्टेट तयार होते.

एवढे तयार होऊनही स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तात ते एका लिटरला एक मिलिमोलच्या जवळपासच असते, दोनच्या वर सहसा जात नाही. कारण तयार होते तसे उचललेही जाते. सर्वांत जास्त यकृत उचलते आणि त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. उरलेल्यातला मोठा भाग मूत्रपिंडे उचलतात, आणि हृदयाला तर लॅक्टेट हे चांगले इंधनच आहे. स्नायूने लॅक्टेट सोडावे, यकृताने त्याचे ग्लुकोज करून परत पाठवावे, या फेऱ्याला कोरी चक्र म्हणतात. ते शोधून काढणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लॅक्टेट म्हणजे शरीरातला कचरा, ही समजूत आमच्या शाळेच्या दिवसांत पुस्तकांतूनही होती. ती आता मागे पडली आहे. १९८० च्या दशकापासून कॅलिफोर्नियातील जॉर्ज ब्रुक्स यांनी दाखवून दिले की लॅक्टेट हे एका अवयवाकडून दुसऱ्याकडे पाठवले जाणारे इंधन आहे. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात तेही लॅक्टेटमुळे नव्हे. धावणे थांबल्यावर तासाभरात ते मूळ पातळीवर येते, दुखणे मात्र त्यानंतर सुरू होते.

आता आपल्या क्रीडादिनाचे उदाहरण घेऊ. ४०० मीटरची शर्यत जीव तोडून धावलेल्या मुलाचे रक्त लगेच तपासले तर लॅक्टेट दहाच्या वर सहज भरेल. कसलेल्या धावपटूंत ते पंधरा-वीसपर्यंतही जाते. काकूंच्या रक्तातही ते दहाच्या वरच होते. मग मुलगा बक्षीस घ्यायला मंचावर चढतो आणि काकू अतिदक्षता विभागात, असे का? फरक आकड्यात नाही, निचऱ्यात आहे. आपल्या हैदराबादेतल्या घरांत जमिनीखाली पाण्याचा संप असतो. टँकरने एकदम पाणी सोडले की तो काठोकाठ भरतो. पण वरच्या टाकीला जोडलेली मोटर चालू असली की पाणी उतरत जाते. मुलाची मोटर जोरात चालू आहे. काकूंच्या संपात पाणी थोडे थोडेच येत होते, पण मोटर बंद पडली होती.

मेटफॉर्मिनचा संबंध या मोटरशी आहे.

या औषधाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती आहे, तिच्यात ग्वानिडिन जातीची द्रव्ये असतात. ग्वानिडिनने जनावरांच्या रक्तातली साखर उतरते हे १९१८ मध्ये दिसून आले, पण ते विषारी होते. त्याच कुळातले मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी प्रयोगशाळेत बनवले. १९२९ मध्ये जर्मनीत सशांवर त्याचा गुणही दिसला. पण तोवर इन्शुलिन आले होते, या कुळाकडे कुणी पाहिना. १९५० मध्ये फिलिपाइन्सच्या युसेबिओ गार्सिया या डॉक्टरांनी ते फ्लूसाठी वापरले आणि त्यांना आढळले की रोग्यांची साखर उतरते आहे. ते वाचून पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी मधुमेहींवर प्रयोग केले आणि १९५७ मध्ये ते प्रसिद्ध केले. औषधाला त्यांनी ग्लुकोफाज हे नाव दिले, म्हणजे ग्लुकोज खाणारे.

नाव जरा फसवे आहे, कारण ही गोळी ग्लुकोज फारसे खात नाही. मुख्यतः ती यकृताला नवे ग्लुकोज बनवू देत नाही. मधुमेह झालेल्या माणसाचे यकृत रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर बनवून रक्तात सोडते, म्हणून तर उपाशीपोटीची साखरही वाढलेली असते. मेटफॉर्मिन यकृताच्या पेशीत शिरते आणि तिथल्या वीजघराचा वेग थोडा कमी करते. नेमक्या कोणत्या पायरीवर, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. काही जण वीजघराच्या पहिल्या यंत्राला, कॉम्प्लेक्स एकला, जबाबदार धरतात, तर काही जण २०१४ नंतर पुढे आलेल्या दुसऱ्या एका एन्झाइमला. परिणाम मात्र एकच: लॅक्टेटपासून ग्लुकोज बनवण्याचे काम मंदावते. आणि यकृत लॅक्टेट कमी उचलू लागले तर रक्तात ते थोडे जास्त राहणार हे ओघाने आलेच.

दुसरा परिणाम आतड्यात होतो. गोळी पोटात जाते तेव्हा आतड्याच्या अस्तरात तिचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पट असते. तिथल्या पेशी जेवणातले ग्लुकोज जास्त वापरू लागतात आणि बरेचसे लॅक्टेटच्या रूपात सोडतात. ते थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरते. म्हणून ही गोळी घेणाऱ्यांत लॅक्टेटची वाढ उपाशीपोटीपेक्षा जेवणानंतर जास्त दिसते. सुरुवातीला पोट बिघडते, गुडगुडते, तेही या आतड्यातल्या घडामोडींशी जोडलेले असावे असे मानतात.

तर आता त्या माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. निरोगी माणसाने ही गोळी घेतली तर काय होते? साखर फारशी उतरत नाही, कारण मेटफॉर्मिन इन्शुलिन वाढवत नाही, आणि साखर थोडी खाली जाऊ लागली की निरोगी शरीर ती सावरून घेते. लॅक्टेट किंचित वाढते, विशेषतः जेवणानंतर आणि व्यायाम करताना. पण ते सहसा नेहमीच्या मर्यादेतच राहते, कारण मूत्रपिंडे चांगली असतात. शरीर मेटफॉर्मिनचे रूपांतर अजिबात करत नाही. जशी घेतली तशीच ती लघवीवाटे बाहेर पडते. रक्तातले प्रमाण सुमारे सहा तासांत निम्मे होते. म्हणजे निरोगी माणसात गोळी साठत नाही आणि लॅक्टेटही साठत नाही. घाबरण्याचे कारण नाही, असे आम्ही त्याला सांगितले.

पण "घाबरू नकोस" म्हणजे "घेत राहा" असे नव्हे, हेही सांगितले. मॅरेथॉनसाठी गोळीचा उपयोग तर नाहीच, उलट तोटा संभवतो. २०१९ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात साठीच्या आसपासच्या मंडळींना बारा आठवडे चालणे-धावण्यासारखा व्यायाम दिला, दुसऱ्यात पासष्टीच्या वरच्यांना चौदा आठवडे वजने उचलायला लावली. दोन्हींत निम्म्यांना मेटफॉर्मिन दिले, निम्म्यांना नुसती पांढरी गोळी. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना व्यायामाचा लाभ कमी मिळाला. एकीकडे दमसास कमी सुधारला, दुसरीकडे स्नायू कमी वाढले. ज्या वीजघरांची संख्या आणि ताकद वाढावी म्हणून आपण व्यायाम करतो, त्यांनाच गोळी दाबून धरते, असे याचे एक स्पष्टीकरण आहे. हे तरुणांना जसेच्या तसे लागू होईल असे नाही, पण बापाच्या डब्यातून चोरून घ्यावे असे यात काहीच नाही. शिवाय धावण्याच्या दिवशी घाम जाऊन पाणी कमी झाले, वर अंगदुखीची गोळी घेतली, तर निरोगी मूत्रपिंडांवरही ताण येतोच.

आयुष्य वाढण्याचे म्हणाल तर २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींवरून एक निष्कर्ष निघाला होता की मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही हे मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगतात. त्याचा फार गाजावाजा झाला. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदी तपासल्या तेव्हा तसे काही आढळले नाही. पहिली बातमी घरोघर पोचली, दुसरी पोचली नाही. नेहमीचेच आहे.

वजनाच्या बाबतीत मात्र एक नवी आणि खरोखर सुंदर गोष्ट कळली आहे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की जोराचा व्यायाम केल्यावर लॅक्टेट आणि फेनिलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल यांची जोडी होऊन लॅक-फे नावाचा पदार्थ बनतो. तो उंदरांची भूक कमी करतो. शर्यतीच्या घोड्यांत आणि धावणाऱ्या माणसांतही तो वाढलेला आढळला. मग २०२४ मध्ये असे दिसून आले की मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही लॅक-फे वाढते आणि ते मुख्यतः आतड्याच्या पेशींत बनते. मेटफॉर्मिनने मधुमेहींचे वजन दोन-तीन किलो उतरते त्याचे एक कारण हे असावे. म्हणजे ज्या लॅक्टेटला आपण दोष देत होतो तेच इथे कामाला येते. आम्ही त्या मुलाला म्हटले, बाबा रे, तुझ्या धावण्यातूनच हे लॅक-फे फुकट मिळते, मग गोळी कायकू?

आता धोक्याची बाजू. तिच्यासाठी मेटफॉर्मिनच्या भावंडाची कथा सांगितली पाहिजे. फेनफॉर्मिन नावाचे त्याच कुळातले औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आले आणि फार खपले. साखर उतरवण्यात ते मेटफॉर्मिनपेक्षा जोरकस होते. पण ते घेणाऱ्या काही जणांचे रक्त लॅक्टेटने आम्लधर्मी होऊन ते दगावू लागले. याला लॅक्टिक ॲसिडोसिस म्हणतात. लॅक्टेट पाचच्या वर आणि रक्ताची आम्लता वाढलेली, अशी त्याची साधारण व्याख्या आहे. अखेर १९७७ मध्ये अमेरिकन सरकारने "तातडीचा धोका" म्हणून फेनफॉर्मिन बाजारातून काढायला लावले. आपल्या देशात ते पुढे कितीतरी वर्षे मिळत होते. भारतात त्याच्यावर बंदी आली २००३ मध्ये. या सव्वीस वर्षांच्या अंतराबद्दल आम्हाला आजही वाईट वाटते.

भावंडांत एवढा फरक का? फेनफॉर्मिन चरबीत विरघळणारे असल्याने पेशींच्या वीजघरांत सहज घुसते. शिवाय ते बाहेर टाकण्याआधी यकृताला त्याचे रूपांतर करावे लागते, आणि काही माणसांत जन्मतःच ते काम मंद असते. अशांच्या अंगात नेहमीचा डोसही साठत जातो. मेटफॉर्मिनमध्ये या दोन्ही अडचणी नाहीत. पण भावंडाच्या बदनामीमुळे अमेरिकेने त्याला १९९४ च्या अखेरपर्यंत परवानगी दिली नव्हती. युरोपात ते तोवर पस्तीसहून अधिक वर्षे वापरात होते.

औषध निर्दोष की घातक, हा वाद आपल्या शहराला नवा नाही. कोटीच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये अफजलगंजच्या दवाखान्यात क्लोरोफॉर्मवर मोठे प्रयोग करवले. निजाम सरकारने खर्च उचलला, दुसऱ्या खेपेला तर 'लॅन्सेट'ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवले. निष्कर्ष निघाला की श्वासाकडे लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी थांबत नाही. हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन म्हणून ते जगात गाजले. १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की क्लोरोफॉर्मची धुंदी हलकी असताना हृदय एकाएकी थांबू शकते. शेकडो प्राण्यांवरचे प्रयोग चुकले नव्हते, पण ज्या परिस्थितीत धोका होता ती परिस्थितीच त्यांत नीट आली नव्हती.

मेटफॉर्मिनच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१० मध्ये जगभरच्या ३४७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची ७०,४९० रुग्ण-वर्षे मोजली, त्यांत लॅक्टिक ॲसिडोसिसचा एकही रोगी नव्हता. एरवीच्या नोंदींतही हे प्रमाण वर्षाला लाखात दहाच्या आतच येते. म्हणजे गोळी सुरक्षित आहे, हे आम्ही पुन्हा ठामपणे सांगतो. कुणीही हा लेख वाचून ती फेकून देऊ नये. पण अभ्यासातल्या माणसांवर कुणाचे तरी लक्ष असते. लग्नावरून येऊन उलट्या-जुलाबांत दोन दिवस घरी पडून राहिलेल्या काकू त्या मोजणीत नसतात.

काकूंच्या बाबतीत काय घडले ते आता सहज समजेल. पाणी गेल्याने मूत्रपिंडांकडचे रक्त कमी झाले. वेदनाशामकाने त्यात भर घातली. लघवी थांबत आली तशी मेटफॉर्मिन बाहेर जाईना, आणि दर बारा तासांनी नवी गोळी आत पडत होती. प्रमाण फार वाढल्यावर यकृताने लॅक्टेट उचलणे जवळजवळ सोडून दिले. रक्त आम्लधर्मी झाले की ते सावरण्यासाठी शरीर जोरजोराने श्वास घेते. आपण त्याला धाप म्हणतो. पोटात मळमळ होतेच, म्हणून सुरुवातीला ते "पित्त" वाटते. डायालिसिसचा दुहेरी फायदा असा की त्याने औषधही निघते आणि आम्लताही उतरते.

मूत्रपिंडे आधीच मंद असतील, यकृताचा किंवा हृदयाचा मोठा आजार असेल, मोठा जंतुसंसर्ग झाला असेल, तर हीच साखळी सुरू होऊ शकते. दारूचे तर विचारूच नका. दारू पचवताना यकृतात लॅक्टेटपासून ग्लुकोज बनण्याची वाट तशीही अडते, वर गोळीची भर. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून जे रंगद्रव्य देतात, त्याआधी मूत्रपिंडांची तपासणी विचारतात ती याचसाठी. मूत्रपिंडांचे काम ईजीएफआर या आकड्याने मोजतात. २०१६ पासून अमेरिकेचा नियम असा की तो ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देऊ नये, आणि ३० ते ४५ च्या दरम्यान असेल तर नव्याने सुरू करू नये. ही तपासणी साधी आहे, क्रिएटिनिनच्या रिपोर्टवरच बहुधा छापून येते. घरातल्या ज्येष्ठांचा शेवटचा रिपोर्ट काढून तो आकडा एकदा पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट, आपल्यातल्या शाकाहारी घरांसाठी. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतले की बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी आढळले होते. ते काही गोळीमुळे नव्हते, आपल्या जेवणामुळे होते. आधीच कमी, त्यात गोळी. पायांना मुंग्या येतात, ते प्रत्येक वेळी मधुमेहामुळेच असे समजू नये. बी-१२ तपासून घ्यावे.

याज्ञिकांच्याच कामामुळे "निरोगी" या शब्दाबद्दलही आपण जरा सावध व्हायला हवे. हातापायांनी बारीक पण पोटात चरबी, असे आपले शरीर असते आणि ते जन्मापासूनच तसे असते, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवरून दाखवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह आणि १३.६ कोटींना त्याच्या आधीची अवस्था असल्याचे दिसले. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त, २६.४ टक्के आढळले. त्या आधीच्या अवस्थेत गोळी घ्यावी का, याचे उत्तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासात मिळते. ५३१ जणांवरचा हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणे आणि आहार सांभाळणाऱ्यांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही करणाऱ्यांत २८.२ टक्क्यांनी. म्हणजे चालणाऱ्याला गोळीने वेगळे काही मिळाले नाही. तरीही काही जणांना डॉक्टर त्या अवस्थेत ती देतात आणि त्याला कारणे असतात. ते डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे.

माजी विद्यार्थ्याने गोळी सोडली आणि पोट सुधारले, असा त्याचा फोन आला. काकूंची मूत्रपिंडे बरीचशी सावरली आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी सध्या दुसरे औषध दिले आहे.

नवी चिठ्ठी पांढऱ्या कागदावर, मराठी, तेलुगू आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत छापून तयार आहे. तिच्यावर मजकूर असा: "साखरेची गोळी रोज वेळेवर घ्यावी. मात्र उलट्या, जुलाब किंवा जोराचा ताप येऊन खाणे-पिणे थांबले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा आणि मेटफॉर्मिन थांबवायचे का ते विचारावे. डॉक्टर मिळेपर्यंत मेटफॉर्मिनची पुढची गोळी घेऊ नये. नीट खाणे-पिणे सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावी. इन्शुलिन स्वतःहून बंद करू नये. धाप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत." खाली डॉक्टरांचा नंबर आणि ईजीएफआर लिहायला मोकळी जागा ठेवली आहे.

ही चिठ्ठी शाळेच्या कार्यालयात शनिवारी सकाळी १० ते १२ या वेळेत मिळेल. येताना जुनी पिवळी चिठ्ठी फ्रीजवरून काढून बरोबर आणावी. आम्ही एकूण तीनशे वाटल्या होत्या, आतापर्यंत एकशे बारा परत आल्या आहेत.